शब्दकोड्यातील शारदा

मला शब्दकोडे सोडवायला फार आवडते. आमचे गुरुजी दर शनिवारी फळ्यावर एक कोडे काढतात. कोड्यात आडवे आणि उभे शब्द असतात. एका घरात एकच अक्षर लिहायचे. काना, मात्रा, वेलांटी त्याच घरात बसते. जोडाक्षरालाही एकच घर मिळते. आडवा आणि उभा शब्द जिथे भेटतात तिथे दोघांचे अक्षर एकच असते. म्हणून एक शब्द आला की दुसरा सोपा होतो.

मागच्या शनिवारी जुन्या मराठी नाटकांचे कोडे होते. उभा शब्द चार घरांचा होता. 'अण्णासाहेब किर्लोस्करांचे १८८० सालचे संगीत नाटक.' आम्ही ओरडलो, 'शाकुंतल!' त्यातल्या 'त'पासून एक आडवा शब्द होता. 'एकच प्याला या नाटकात सुधाकरला दारूची चटक लावणारा.' तो तळीराम. मुले खूप हसली.

वरची तीन घरे राहिली. 'गोविंद बल्लाळ देवलांच्या नाटकातील मुलगी. बाप पैशासाठी तिचे लग्न म्हाताऱ्याशी ठरवतो.' पहिले अक्षर 'शा' आले होते, पण पुढचे कुणालाच येईना. गुरुजी म्हणाले, "घरी विचारून या."

घरी आईला आले नाही, बाबांनाही आले नाही. पणजी लसूण सोलत बसली होती. तिला लिहिता-वाचता येत नाही. ती म्हणाली, "अगं, ती तर शारदा!" मी घरे मोजली. शा, र, दा. बरोबर बसले.

पणजीने ते नाटक लहानपणी माहेरच्या जत्रेत पाहिले होते. शारदेचे काम एका पुरुषाने केले होते. भुजंगनाथ म्हातारा नटूनथटून आला की लोक हसायचे. शेवटी ते लग्न मोडते आणि शारदेचे लग्न कोदंडाशी होते. पणजी म्हणाली, "माझं लगीन तेराव्या वर्षी झालं. तुझे पणजोबा म्हातारे नव्हते, चांगले होते. पण मला कुणी इचारलंच न्हाई."

मी दहा वर्षांची आहे. म्हणजे तेव्हा पणजी माझ्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठी होती. आता मुलीला १८ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय तिचे लग्न करता येत नाही, असा कायदा आहे.

सोमवारी मी उत्तर सांगितले. गुरुजी म्हणाले, "हे नाटक १८९९ साली रंगभूमीवर आले. देवल आपल्या सांगलीजवळच्या हरिपूरचे."

संध्याकाळी मी पाटीवर तीन घरे काढली. पणजीचे बोट धरून शा, र, दा गिरवून घेतले. मग तिने विचारले, "माझं नाव किती घरांचं?" मी म्हणाले, "दोन." आता आम्ही रोज ती दोन घरे भरतो. पहिले अक्षर तिला माझ्याशिवाय येते.

वाचकांनो, तुमच्यासाठी एक कोडे. 'वि. वा. शिरवाडकरांचे १९७० साली रंगभूमीवर आलेले नाटक, पाच घरे.' उत्तर आले नाही तर घरी आजी-आजोबांना विचारा.