झडप

आमच्या अण्णांनी ७२ वर्षांत अंड्याचा केक तोंडाला लावलेला नाही. नातवाच्या वाढदिवसाला बेकरीवाल्याला तीनतीनदा विचारून बिनअंड्याचा केक आणायचे आणि तरीही स्वतः पेढाच खायचे. अशा माणसाला जिना चढताना धाप लागू लागली, आणि पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की हृदयाची एक झडप कडक होऊन अरुंद झाली आहे, बदलावी लागेल.

"कुठली बसवू?" डॉक्टरांनी विचारलं. साडीच्या दुकानात 'काठाची दाखवू की बिनकाठाची' असं विचारतात, अगदी त्याच आवाजात. "धातूची, डुकराची, की गाईच्या हृदयावरच्या आवरणापासून केलेली?"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. अण्णा छताकडे पाहू लागले. मी उगाचच विचारलं, "यातली ताजी कुठली?"

घरी सभा भरली. गाईचं नाव निघताच आत्या "शिव शिव!" म्हणून उठून गेल्या. धातूची झडप खूप टिकते, पण रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि पालेभाज्या बेताबेताने खाव्या लागतात. "म्हणजे अळूचं फदफदंसुद्धा मोजून?" अण्णांनी विचारलं. "मग जगायचं कशासाठी?" धातू बाद झाला. राहता राहिलं डुक्कर. ती झडप साधारण १० ते १५ वर्षं चालते. पुतण्या म्हणाला, "अण्णा, वराह हा विष्णूचा अवतार. त्याने पृथ्वी उचलली, तुमचं वाटीभर रक्त उचलणार नाही?" आत्या आतून ओरडल्या, "आणि गणपतीचं काय? तिथे तर अख्खं डोकंच बसवलं!"

अण्णांचा धीर वाढावा म्हणून मी वाचायला बसलो, आणि माझाच सुटला. १९८४ साली अमेरिकेत एका तान्ह्या मुलीला बबून माकडाचं हृदय बसवलं, ती जेमतेम तीन आठवडे जगली. १९९७ मध्ये आपल्या गुवाहाटीत एका डॉक्टरांनी डुकराचं हृदय माणसाला बसवलं. रुग्ण आठवडाभरात गेला आणि डॉक्टर तुरुंगात गेले. जानेवारी २०२२ मध्ये बाल्टिमोरला डेव्हिड बेनेट यांना डुकराचं हृदय मिळालं. त्या डुकराची १० जनुकं आधीच बदललेली होती. काही अशासाठी, की माणसाच्या शरीराने पाहुण्याला हाकलून देऊ नये, आणि एक अशासाठी, की हृदय छातीत वाढतच जाऊ नये. बेनेट दोन महिने जगले. २०२४ मध्ये बॉस्टनला डुकराची किडनी बसवलेले गृहस्थही दोनेक महिन्यांनी गेले.

हे सगळं अण्णांना सांगण्याजोगं नव्हतं. पण डॉक्टरांनी समजावलं, की अख्ख्या अवयवाची गोष्ट वेगळी. तो जिवंत असतो, म्हणून शरीर त्याच्यावर तुटून पडतं. झडप रसायनात मुरवून निर्जीव केलेली असते, त्यामुळे भांडायला समोर कुणी उरतच नाही. अशा झडपा माणसांना बसवायला लागून ५० वर्षं उलटून गेली.

तसं पाहिलं तर आपल्या भाषेने हे काम शस्त्रक्रियेशिवाय केव्हाच उरकलंय. कुणाला वाघाचं काळीज, कुणाला सशाचं. गेंड्याची कातडी तर निवडणुकीला उभं राहण्याआधीच बसवून घेतात.

अण्णांना पटवलं ते शेवटी आमच्या वडिलांनी. वडील म्हणजे सोवळ्यात अण्णांचेही वडील. मधुमेहापायी वीस वर्षं रोज सकाळी स्नान करून, कद नेसून इन्शुलिन टोचून घ्यायचे. ते गेले १९७९ मध्ये. तेव्हा इन्शुलिन यायचं ते डुकराच्या आणि गाईगुरांच्या स्वादुपिंडातून. माणसासारखं इन्शुलिन जिवाणूंकडून बनवून बाजारात आलं ते १९८२ मध्ये.

"म्हणजे नाना रोज..." अण्णा म्हणाले.

"रोज. आणि वर संध्या करायचे."

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कागद आण. सही करतो."

ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी त्यांच्या उशाशी बसलो होतो. मला वाटलं झोप लागली. तेवढ्यात अंधारातून आवाज आला, "आत्या म्हणाली ते खरं रे. गणपतीला शिर मिळालं, हे आपण किती कौतुकाने सांगतो. त्या हत्तीच्या घरी काय झालं असेल?"

लहानपणी मला सायकलवर डबलसीट शाळेत सोडणारा हा माणूस. कुठल्याही प्रश्नाचं उत्तर याच्याकडेच मागायची मला सवय. आज तो मला विचारत होता, आणि माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी त्यांच्या पायावरचं पांघरूण उगाच सारखं केलं.

ऑपरेशन चांगलं झालं. आता अण्णा न थांबता जिना चढतात आणि फदफदं न मोजता खातात. केकला मात्र अजूनही शिवत नाहीत. मी एकदा म्हटलं, "आता कसलं एवढं?" तर म्हणाले, "आत काय बसवलंय ते डॉक्टरांचं. तोंडात काय घालायचं ते माझं."

गावच्या वाड्यामागे संध्याकाळी डुकरं हिंडतात. पूर्वी ती परसात शिरली, की अण्णा काठी घेऊन धावायचे. परवा असंच एक शिरलं आणि अळूच्या वाफ्यात तोंड घालून उभं राहिलं. अण्णा काठी उगारून धावले, दोन पावलांवर थबकले, आणि काठी खाली टाकून हळूच म्हणाले, "खाऊ दे. घरचाच आहे."