म्हणाला, म्हणाली, म्हणे

एकाने काय सांगितले ते दुसऱ्याला सांगणे, हा आपल्या सर्वांचा रोजचा उद्योग आहे. पाणवठ्यावर, एस.टी.त, कॉलेजच्या कट्ट्यावर निम्मे बोलणे असेच चालते. मराठीत हे करताना काळाचा विचार आपल्या मनातही येत नाही. राम काल 'मी आजारी आहे' असे म्हणाला, तर आज आपण सांगतो, 'राम म्हणाला की मी आजारी आहे.' हा 'मी' रामाचा आणि हा 'आहे' कालचा, हे ऐकणाऱ्याला न सांगता कळते. आपण रामाचे वाक्य उचलतो आणि जसेच्या तसे पुढे ठेवतो.

इंग्रजीची रीत वेगळी. तेथे 'सेड' म्हटले की 'मी'चा 'तो' होतो, 'इज'चे 'वॉज' होते, 'विल'चे 'वुड' आणि 'टुमॉरो'चे 'द नेक्स्ट डे'. शाळेत आम्ही ही अदलाबदल पाढ्यांसारखी घोकली. घरात इंग्रजी अक्षर ओळखणारे कोणी नव्हते. त्यामुळे नियम आहे म्हणून आहे, एवढेच मला पुरे होते. त्या नियमाखाली एक अपवाद असे : त्रिकालाबाधित सत्य असेल तर वर्तमानकाळ तसाच ठेवावा.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात आल्यावर या अपवादाने मला विचारात पाडले. सत्य कोणते, हे ठरवणार कोण? दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने सांगितले की सूर्य पृथ्वीभोवती फिरतो. १५४३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात कोपर्निकसने सांगितले की पृथ्वी सूर्याभोवती फिरते. मराठीत दोघांनाही वर्तमानकाळ. इंग्रजीत मात्र कोपर्निकसला 'मूव्ह्ज' शोभते. टॉलेमीला ते दिले तर वाचणारा विचारील, 'हे तुम्हालाही मान्य आहे काय?' म्हणून त्याला 'मूव्ह्ड'च द्यावे लागते. म्हणजे काळ बदलणे हे नुसते घोकंपट्टीचे काम नव्हे. वर्तमानकाळ ठेवला की सांगणारा त्या बोलण्याला जामीन राहतो. भूतकाळ केला की तो एवढेच म्हणतो : हे त्याचे म्हणणे, त्या वेळचे, त्याच्या खरेखोटेपणाचे मी काही सांगत नाही.

जामीन राहण्याचा हा प्रश्न गेल्या वर्षी आमच्या दारात येऊन उभा राहिला. वडील गेल्यावर त्यांच्या विम्याच्या पैशांसाठी आई तालुक्याच्या एका कचेरीत हेलपाटे घालीत होती. एके दिवशी ती येऊन सांगू लागली, 'त्यो म्हनला, बाई, कागद पूर्ण आहेत. आता येऊ नका. महिन्याभरात पैसे येतील.' एरवी आई 'हायेत' म्हणते. पण कारकुनाचे बोलणे सांगताना तिच्या तोंडी 'आहेत' आले. त्याचा शब्द तिने उच्चारासकट पदरात बांधून आणला होता. आजी चुलीपुढून शेजारणीला म्हणाली, 'कागद पुरे हायेत म्हणे!'

पाच महिने गेले. पैसे आले नाहीत. मुख्य कचेरी परराज्यात, तेथे इंग्रजीतच लिहायचे. ते काम माझ्याकडे आले.

'पेपर्स आर कम्प्लीट' लिहावे की 'वेअर कम्प्लीट'? 'आर' लिहिले असते तर ती हमी माझी झाली असती, आणि फाइल तर मी पाहिलेली नव्हती. 'वेअर' लिहावे तर 'तेव्हा होते, आता नाहीत' असे म्हणायला त्यांना वाट मोकळी. शिवाय 'येतील'चे 'वुड कम' करताना हात जड झाला. आईच्या तोंडी ते पैसे अजून यायचेच होते. इंग्रजीत ते एका सरलेल्या दिवसाला चिकटून बसले. शेवटी मी 'वेअर' आणि 'वुड'च लिहिले, पण त्यांच्याजवळ ती तारीख घातली. खाली मला जे स्वतः ठाऊक होते ते वर्तमानकाळात वेगळे मांडले : कागद तुमच्याकडे आहेत, त्यांची पोच आमच्याकडे आहे, पैसे मिळालेले नाहीत.

त्यावेळी मला आजीच्या 'म्हणे'ची किंमत कळली. इंग्रजी जे काळ बदलून साधते, ते आजीने दोन अक्षरांत साधले होते. तिने काळाला हात लावला नाही, फक्त जामीन राहायचे नाकारले.

दीड महिन्याने उत्तर आले. एक दाखला कमी होता. तो आम्ही पाठवला आहे. आई अधूनमधून ते पत्र पुढ्यात ठेवते आणि विचारते, 'काय म्हनत्यात?' तिचा हा वर्तमानकाळ इंग्रजी व्याकरणालाही मान्य आहे. तोंडी बोलण्याला बहुधा 'सेड' लागते. पत्राला मात्र 'सेज' चालते, आणि 'सेज' म्हटले की पुढचा काळ बदलावा लागत नाही. कागद हातात असेपर्यंत त्यातले बोलणे सरत नाही. म्हणून आता आई कोणत्याही कचेरीत निघाली की मी तिला एकच सांगते : 'जे सांगतील ते लिहून माग.'