स्किप्ड: १

आमच्या टीमच्या रिपोर्टमध्ये रोज एक ओळ यायची. रन २१२, फेल ०, स्किप्ड १. खाली हिरव्या अक्षरांत ‘बिल्ड सक्सेस’. तो हिरवा रंग बघून सगळे चहाला जायचे. तो ‘१’ फक्त मला दिसायचा, कारण तो माझाच होता.

युनिट टेस्ट म्हणजे कोडच्या छोट्या तुकड्याला विचारलेला प्रश्न. हजाराची ऑर्डर रद्द केली, तर हजारच परत जातात ना? जावामध्ये हे प्रश्न जेयुनिट वापरून विचारतात. पूर्वी टेस्टचं नाव ‘टेस्ट’ या शब्दानेच सुरू करावं लागे. स्पेलिंग चुकलं, तर ती न चालता गुपचूप पडून राही. २००६ साली जेयुनिट ४ आलं आणि वर @टेस्ट अशी चिठ्ठी लावली की भागू लागलं. हेच अ‍ॅनोटेशन. २०१७ च्या जेयुनिट ५ मध्ये @टॅग आला. ‘झटपट’, ‘डेटाबेसवाल्या’ असे टेस्टच्या क्लासचे गट करायचे. झटपट त्या दर वेळी चालवायच्या, जड त्या रात्री. आणि @डिसेबल्ड लावलं, की ती टेस्ट चालतच नाही. पासही नाही, फेलही नाही.

रिलीजच्या आदल्या रात्री माझी एक टेस्ट कधी पास होत होती, कधी फेल. मी वर @डिसेबल्ड लावलं, कारण लिहिलं ‘पुढच्या स्प्रिंटमध्ये बघू’, आणि शेवटची लोकल पकडली. सात महिन्यांनी काही ग्राहकांना एकाच ऑर्डरचे पैसे दोनदा परत गेले. रद्द करायच्या दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर काय, हेच ती टेस्ट विचारत होती.

उल्हासनगर कॅम्प नं. ३ मध्ये वाढलेल्याला चिठ्ठ्यांचं नवल नसावं. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथे आलेले सिंधी निर्वासित, १९४९ मध्ये मिळालेलं नवं नाव. छावणी गेली, पण कॅम्पचे नंबर राहिले. बॅरॅकच्या जागी चार मजले चढले, तरी पत्त्यात बॅरॅक नंबर आहेच.

इथल्या इमारतींनाही चिठ्ठ्या असतात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए, रिकामी करून दुरुस्ती. सी-२बी, राहता राहता दुरुस्ती. सी-३, किरकोळ डागडुजी. २०२१ च्या मे महिन्यात शहरातल्या दोन इमारतींत स्लॅब कोसळले, माणसं गेली. तेव्हा आमच्या सोसायटीनेही स्ट्रक्चरल ऑडिटचा ठराव केला. इमारत तिशी ओलांडलेली, बाबा सेक्रेटरी.

रिफंडचा घोळ निस्तरून आलो त्या रात्री बाबांना सगळं सांगितलं.

“म्हणजे तपासणी तूच बंद ठेवली होतीस?”

“तात्पुरती, बाबा.”

ते काही बोलले नाहीत. उठून कपाटातून सोसायटीची फाइल काढली आणि माझ्यासमोर ठेवली. ठरावाखाली त्यांच्याच अक्षरात होतं: ‘वर्गणी जमत नाही. पावसाळ्यानंतर बघू.’ त्यानंतर तीन पावसाळे झाले होते.

आमची इमारत सी-१ नव्हती, सी-३ नव्हती. तिला चिठ्ठीच नव्हती, कारण कुणी तपासलंच नव्हतं. आणि आम्ही शेजाऱ्यांना सांगत होतो, “आमची चांगली आहे.”

मी टेस्टवरचं @डिसेबल्ड काढलं, बग दुरुस्त केला. आता टीममध्ये आम्ही @डिसेबल्डअन्टिल वापरतो. जेयुनिट पायोनियर नावाच्या लायब्ररीतली ही चिठ्ठी तारीख मागते आणि ती तारीख आली की टेस्ट आपोआप चालू होते. बाबांनीही ठरावापुढे तारीख घातली. पहिली वर्गणी आमची.

इंजिनिअर आले, हातोडीने एकेक खांब ठोकत गेले. जिन्याखालच्या खांबाचा आवाज पोकळ आला. रिपोर्टात सी-२बी.

“वाईट झालं का रे?” आईने विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. “फेल झाली. आता कळलं तरी.”

आता जिन्याखाली लोखंडी टेकू आहेत. येता-जाता डोकं वाकवावं लागतं.