पंढरीची वाट आणि घरचा चोरखिसा

यात्रेला निघताना आपण दशम्या, शेंगदाण्याची चटणी, औषधांची डबी सगळं आठवणीनं घेतो. पैसे मात्र पर्समध्ये टाकतो आणि पर्स खांद्याला अडकवतो. मीही तेच करत होते.

दोन वर्षांपूर्वी कार्तिकीला सासूबाईंना घेऊन पंढरपूरला गेले. महाद्वाराजवळच्या गर्दीत कुणीतरी ब्लेडनं पर्सचा तळ कापला. मला कळलंसुद्धा नाही! मामंजींच्या नावानं अन्नदान करायचं म्हणून सासूबाईंनी साठवलेले पाचशे रुपये त्यातच होते. त्या मला एका शब्दानंही बोलल्या नाहीत. परतीच्या एस.टी.त खिडकीबाहेर बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो!

यंदा निघण्याआधी मी शिलाईचं मशीन काढलं. तुम्हीही करून पाहा. जुन्या उशीच्या अभ्र्याचं जाडसर कापड घ्या. 6 इंच रुंद आणि 15 इंच लांब पट्टी कापा. दोन्ही टोकं अर्धा अर्धा इंच दुमडून टीप मारा. मग खालून 6 इंच वर दुमडून बाजू शिवा. वर उरलेले दोन इंच म्हणजे झाकण. त्याला दोन टिचबटणं लावा. ही पिशवी परकराच्या नेफ्याखाली दोन बोटं, डाव्या कुशीला शिवा. निऱ्यांखाली घेतली तर फुगवटा दिसतो. वरच्या कोपऱ्यांना दुहेरी टीप हवीच, ओढ तिथेच बसते. नोटा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा, म्हणजे घामानं भिजत नाहीत. खर्च काय तो टिचबटणांचा!

सासूबाईंची नऊवारी, तिथे परकर कुठला? त्यांच्या चोळीला आतून चार इंची खिसा शिवला. "इतकी वर्षं कनवटीलाच लावले की पैसे," असं म्हणत त्यांनी घातली एकदाची चोळी.

पंढरपुरात भीमा चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून ती चंद्रभागा. वाळवंटात टाळ-मृदंगाचा गजर, बुक्क्याचा वास आणि माणसंच माणसं! पुंडलिकाचं दर्शन घेतलं, नामदेवांच्या पायरीला हात लावला, समोर चोखोबांच्या समाधीपाशी टेकलो. पण या वेळी सारखा खांद्याकडे हात जात नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी पंढरी डोळे भरून पाहिली.

एक मात्र लक्षात ठेवा. चोरखिशाला चारचौघांत हात लावायचा नाही, नाहीतर चोराला आपणच वाट दाखवतो. चहापाण्याचे, रिक्षाचे सुटे पैसे हातरुमालात वेगळे बांधा. आता मोबाइलवरून पैसे देता येतात, हे खरं. पण मोबाइलच गेला तर? परतीच्या तिकिटाचे तरी अंगावर असू द्या.

दुपारी एका मठात गेलो. सासूबाई आडोशाला जाऊन आल्या. पाचशेची नोट कोरडी ठणठणीत होती. त्यांनी पावतीवर मामंजींचं नाव लिहून घेतलं, दोनदा वाचलं आणि पावतीची नीट घडी घातली.

मी पिशवी पुढे केली, तर म्हणाल्या, "नको गं. तुझ्या खिशातच राहू दे." आणि पुन्हा आडोशाला गेल्या.