कागदावरचा माझा भरवसा

टिकतो तो कागदच, बाकी सगळं दोन दिवसांचं, असं मी अनेक वर्षं ठामपणे मानत होतो. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनातून पायी निघालं की जनपथावरचं राष्ट्रीय अभिलेखागार लांब नाही. तिथले जुने कागद पाहून हे मत आणखीच पक्कं व्हायचं. स्कॅनिंगचा विषय निघाला की मी डोम्सडेचा दाखला द्यायचो. इंग्लंडातली 1086 सालची चर्मपत्रावरची ती नोंद आजही वाचता येते. बीबीसीने तिच्या नवशताब्दीला, 1986 मध्ये, लेसर डिस्कवर केलेला नवा अवतार मात्र पंधरा-सोळा वर्षांत वाचायलाच अवघड झाला, कारण तो चालवणारी यंत्रं उरली नव्हती.

दिल्लीतल्या एका मराठी मंडळाचं कपाट आवरताना माझं मत बदललं. महाराष्ट्र राज्य झालं तेव्हाची, मे 1960 ची वर्तमानपत्रं कुणीतरी प्रेमाने जपली होती. घडी उलगडली आणि कागद घडीच्या रेषेवरच तुटला. वाळवी नव्हती, ओल नव्हती. पुण्याच्या पेशवे दप्तरातली अठराव्या शतकातली मोडी पत्रं रुमालातून काढून आजही हाताळता येतात, आणि ही साठ-सत्तर वर्षांची पानं चुरा होतात!

कारण कागदाच्या घडणीतच आहे. जुन्नरी कागद चिंध्या आणि गोणपाटाच्या लगद्यातून हाताने बनायचा, त्यावर काजळीची शाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यातलं लिग्निन आणि खळीतली तुरटी मिळून आम्ल तयार होतं आणि ते धागेच तोडत जातं. दिल्लीच्या उन्हाळ्यात हे आणखी वेगाने होतं. म्हणजे आपल्या अगदी जवळचा काळ, संयुक्त महाराष्ट्राचा लढा, मंडळांची इतिवृत्तं, दिवाळी अंक, हाच सर्वांत कच्च्या कागदावर आहे.

आता मी स्कॅनिंगच्या बाजूचा आहे, तेही घाईने. पॉलिएस्टरवरची मायक्रोफिल्म थंड, कोरड्या जागी पाचशे वर्षं टिकेल असं मानतात, आणि ती वाचायला भिंग आणि उजेड पुरतो. संस्थांनी तीही करावी. हार्ड डिस्कचं आयुष्य मात्र काही वर्षांचंच, म्हणून तिच्यावरचा मजकूर वेळोवेळी नव्या डिस्कवर उतरवावाच लागतो. हे काम कुणाच्या तरी नावावर असलं पाहिजे. पेशवे दप्तरही नुसत्या कागदाच्या गुणामुळे टिकलेलं नाही. त्याला इमारत मिळाली, राखणदार मिळाले, हे मी पूर्वी हिशोबातच धरत नव्हतो.

तुमच्या मंडळाच्या कपाटात 1950 ते 1980 मधली कात्रणं, इतिवृत्तं, अंक असतील तर या वर्षीच स्कॅन करून घ्या. एक प्रत दुसऱ्या गावी ठेवा, दरवर्षी उघडून बघा. आणि स्कॅन झालं म्हणून मूळ कागद कृपा करून रद्दीत देऊ नका.