वाटीतली स्प्रिंग

चौल, १२ जानेवारी

चि. समीर यास,


तू पाठवलेला फोटो पाहिला. नाना पेठेतल्या दुकानदारानं दाखवलेला तो लांबट आरसा देखणा आहे, पण आपल्या कामाचा नाही. फोनवर सांगायला गेलं की तू ‘हो मामा, हो मामा’ करतोस आणि भलतंच उचलून आणतोस, म्हणून हे पत्र. खिशात ठेव आणि दुकानात उभं राहून वाच.

मला आरसा नको आहे. आरशाची दांडीही नको. दांडीच्या टोकाला वाटाण्याएवढी लोखंडी गोटी असते, ती आरशाच्या पाठीमागच्या वाटीत बसते आणि वाटीच्या तळाशी एक आखूड, जाड तारेची स्प्रिंग असते. गोटी वाटीत फिरते म्हणून आरसा हवा तसा वळतो, आणि स्प्रिंग दाबून धरते म्हणून वळवलेला आरसा तिथंच राहतो. मला ती स्प्रिंग हवी आहे. एवढंच.

तुला वाटेल, मामा साठीनंतर आरशाच्या मागे का लागला. अण्णांनी १९६८ साली नंबर लागल्यावर ही लॅम्ब्रेटा घेतली तेव्हा तिला आरसा नव्हताच. कशाला हवा होता? अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर मागून येऊन येऊन येणार काय, तर एसटी, आणि तिची धडधड कुरूळपासून ऐकू यायची. आरसा मी नंतर हौसेनं लावला, पुढच्या पत्र्याच्या कडेला क्लॅम्प आवळून. त्याचा उपयोग मुख्यतः भांग पाडायला झाला. आता मानेचे मणके झिजलेत, डावीकडे मान वळते ती जेमतेम खांद्यापर्यंत. आणि २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारी सरळ बोटीत चढून मांडव्याला उतरतात. शनिवारी सकाळी नागावच्या त्या अरुंद रस्त्यावर, दोन्ही बाजूंना वाड्यांचे गडगे, आणि मागून आवाज न करणाऱ्या गाड्या. मान वळत नाही आणि कानाला कळत नाही, अशा माणसाला आरसा लागतोच.

तर झालं असं. क्लॅम्प आणि वाटी अल्युमिनियमची, बोल्ट आणि गोटी लोखंडाची. हे दोन धातू एकमेकांना चिकटून बसले आणि वर खारी हवा लागली की अल्युमिनियम आधी झिजतं, त्याची पांढरी भुकटी होते आणि ती सिमेंटसारखी आट्यांत गच्च बसते. मी पान्यानं जोर लावला. बोल्ट हलला नाही, वाटी मात्र तडकली. खरं तर आधी तेल सोडून रात्रभर ठेवायला हवं होतं आणि मग क्लॅम्प गरम करायला हवा होता. उष्णतेनं अल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे बोल्ट आपोआप मोकळा होतो. हे मला ठाऊक होतं. तरी पाना उचलला.

आपल्या अलिबागेत चुंबकीय वेधशाळा आहे ना, मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ साली कुलाब्याहून इकडे हलवलेली. तिच्या जुन्या इमारतीत लोखंड वापरायची बंदी होती, कारण होकायंत्राच्या सुईला ते बाधतं. म्हणजे वेधशाळेत लोखंड चालत नाही, आणि वेधशाळेच्या बाहेर ते टिकत नाही.

तरी ही गाडी टिकली, याचं श्रेय मी इटालियन लोकांनाच देतो. मिलानच्या लांब्राते भागातला इनोचेंती हा मुळात पोलादी नळ्या बनवणारा कारखानदार. त्यानं १९४७ साली स्कूटर काढली तीही नळीवर उभी केली, आणि पत्रे नुसते वरून अडकवले. व्हेस्पा काढणारा दास्कानियो विमानांचा इंजिनियर. त्याला सांगाडा नकोच होता, त्याची गाडी म्हणजे पत्र्याचीच पेटी. आपल्याकडची बजाजची चेतक त्याच घराण्यातली. समुद्रकाठी व्हेस्पाचा किंवा चेतकचा तळाचा पत्रा सडला की गाडीचा कणाच जातो. लॅम्ब्रेटाचा पत्रा सडला तर पत्रा बदलायचा, नळी तशीच. आमच्या आळीतल्या तीन चेतक भंगारात गेल्या आणि ही अजून दुसऱ्या किकला सुरू होते. (तिसऱ्या म्हण हवं तर.)

गाडी इटालियन असली तरी जोडणी आपलीच, मुंबईच्या एपीआय कंपनीची, भांडुपच्या कारखान्यातली. इनोचेंतीनं स्कूटरी बंद केल्यावर तिथली यंत्रं आपल्या सरकारनं विकत घेऊन लखनौला नेली आणि १९७२ साली स्कूटर्स इंडिया उभी राहिली. म्हणून आजही परदेशातले लॅम्ब्रेटाचे शौकीन सुट्या भागांसाठी भारताकडे डोळे लावून असतात. आणि मी भारतात बसून एका स्प्रिंगसाठी तुला पत्र लिहितो आहे.

अडचण माल नसण्याची नाही. अलिबागेत विचारलं, पेणला विचारलं, ऑपेरा हाउसच्या गल्लीतही एक फेरी मारून आलो. सगळीकडे पूर्ण आरसा काढून दाखवतात, जोडीच घ्या म्हणतात. वाटी? स्प्रिंग? ‘सुटं येत नाही काका.’ एका दुकानात तर पोरानं चेतकचा आरसा पुढे केला आणि म्हणाला, हँडलला भोक पाडून बसवू. मी गाडी सुरू केली आणि निघालो. पूर्वी याच दुकानांत टिनाच्या डब्यात सुटे वायसर, चाव्या, पिना, स्प्रिंगा असायच्या आणि दुकानदार डब्यात बोटं घालून, न बघता हवं ते काढायचा. आता डबाच नाही.

वाटीचं काम मात्र झालं. रेवदंड्याला बोटींच्या शाफ्टची कामं करणारा एक लेथवाला आहे. त्यानं तडकलेली वाटी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि विचारलं, ‘पितळेची करू? ही पुन्हा खाऊन जाईल.’ बोटीवाल्यांना खाऱ्या हवेत काय तगतं ते पुस्तकातून शिकावं लागत नाही. पहिली वाटी आतून इतकी गुळगुळीत झाली की प्रत्येक गतिरोधकाला आरसा मान टाकायचा. मग त्यानं कडेला उभी चीर मारली, जुन्या वाटीला होती तशी. आता गोटी बरी धरते, पण इंजिन तापून थरथरायला लागलं की मागच्या मोटारी एकाच्या जागी तीन दिसतात. दाब हवा. मी पेनातली स्प्रिंग घालून पाहिली. हसू नकोस. लेथवाला स्प्रिंग करत नाही. तार वेटाळता येते, पण तिला पाणी देणं वेगळं काम आहे म्हणतो.

तेव्हा आता माप लिहून घे. बाहेरचा व्यास १२ मिलिमीटर, मोकळी उंची १६, तार दीड मिलिमीटरची, वेढे पाच. दोन बोटांत दाबून बघ. सहज दाबली गेली तर परत ठेव. ती लॅम्ब्रेटाचीच असली पाहिजे असं मुळीच नाही. रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात जा. तिथं टेम्पोच्या दाराच्या कडीतली, जुन्या शिलाईयंत्रातली, कशातलीही चालेल.

त्याच फेरीत क्लॅम्पचा बोल्ट मिळाला तर बघ. आठ मिलिमीटरचा, आणि दहा मिलिमीटर लांबीत आठ आटे मोजून घे. जुन्या बुलेटचा उचलू नकोस, तिचे आटे इंग्रजी मापाचे. दोन फेरे गोड जातात आणि तिसऱ्याला अडतात, मग माणूस पाना लावतो आणि पुढचं मी वर लिहिलंच आहे. यामाहाच्या बऱ्याच गाड्यांच्या उजव्या आरशाचे आटे उलटे असतात, तेही लक्षात ठेव.

काचेचं मी इथंच पाहिलं. जुन्या काचेचा पारा कडेनं उडाला होता. आपण पारा म्हणतो, पण आरशामागे पारा लावणं कधीच बंद झालं, आता चांदीचा नाहीतर दुसऱ्या धातूचा थर असतो. दमट खारी हवा कडेनं आत शिरते आणि तो थर काळा पडतो. फ्रेमवाल्यानं घरच्या आरशाची गोल काच कापून दिली. ती लावली आणि मागचा अर्धा रस्ता गायब! सपाट काच थोडंच दाखवते, गाडीला फुगीर लागते. स्टीलची पट्टी काचेवर आडवी ठेवली की कळतं: फुगीर असेल तर पट्टी मधे टेकते आणि कडेला मिलिमीटरभर फट राहते. शेवटी भंगारातल्या ट्रकच्या आरशातून गोल कापून घेतला आणि कडेला तुझ्या मामीचं नखांना लावायचं पॉलिश दोन हात फिरवलं. रंग गुलाबी आहे, पण दमट हवा आत जाणार नाही.

गाडीची पुनर्नोंदणी या वर्षी पुन्हा आली आहे, पेणच्या कार्यालयात न्यायची. शेजारचे म्हणतात, पन्नाशीच्या वरच्या गाड्यांना २०२१ पासून व्हिंटेजचा वेगळा नंबर मिळतो, तो घ्या, मान असतो. असेल. पण तो नंबर घेतला की गाडी रोजच्या कामाला काढता येत नाही, मिरवणुकीला न्यायची. मग रेवदंड्याहून बोंबील आणायला मी काय वापरू? अण्णांच्या कागदावर अजून कुलाबा जिल्हा लिहिलेला आहे, १९८१ पूर्वीचा. तोच कागद पुढे चालवायचा आहे मला.

पेणवरून येशील तेव्हा पोह्याचे पापड घे. ताईला नमस्कार सांग, आणि तिला म्हणावं मान बरी आहे. काय ते तू पाहिलंच आहेस, तेवढं तिला सांगू नकोस.

तुझा,
मामा

ता. क. दुकानदार स्प्रिंगचे पैसे घ्यायला लाजला तर दोन घे.