सहाच्या पाढ्याची टोपी

आमच्या घरात क्रोशाच्या सुया कंपासपेटीत राहतात. पेटी पत्र्याची आहे, झाकणावरचा रंग केव्हाच उडाला. थोरल्या भावाची शाळा संपली तशी आईनं ती आपल्याकडे घेतली. गुण्ये आणि कोनमापक कुणाकुणाला देऊन टाकले, पट्टी तेवढी ठेवून घेतली, कारण ती तिला रोज लागे. सुया पोलादी. टोकाला इवलासा आकडा, मधे बोट टेकायला चपटी केलेली जागा आणि तिथंच कोरलेला नंबर. नंबर जितका मोठा, सुई तितकी बारीक. सगळ्यात बारीक सुईचा आकडा डोळ्यांना धड दिसत नाही, पण बोटाच्या टोकाला बरोबर लागतो. आईचा जीव त्याच सुईवर.

दुपारी स्वयंपाकघर आवरलं की ती उंबऱ्याशी उजेडाला बसे. अँकरच्या पांढऱ्या दोऱ्याचा गुंडा वाटीत ठेवलेला असे, म्हणजे तो घरभर गडगडत नसे. डाव्या करंगळीला दोऱ्याचा वेढा, तर्जनीवर दोरा ताणलेला, उजव्या हातात सुई. आणि ओठ हलत असत. शेजारच्या काकूंना वाटे, ही जप करते. आई मोजत असे. साखळ्या, खांब, मुके खांब, फेऱ्या. मधेच कुणी हाक मारली तर अंगठा कुठल्यातरी पेरावर दाबून धरी आणि मगच उत्तर देई. चार बोटांच्या बारा पेरांवर तिचा सगळा हिशेब राही.

तोरण विणायला घेतलं की हिशेब मोठा होई. हत्ती, मोर, स्वस्तिक, कधी ‘सुस्वागतम्’. ही नक्षी चौकटींची असते. रिकामी चौकट म्हणजे एक खांब, दोन साखळ्या, पुन्हा एक खांब. भरीव चौकटीत त्या दोन साखळ्यांच्या जागी दोन खांब येतात. हत्ती आधी कागदावर उतरवावा लागतो, आणि त्यासाठी माझ्या आलेखवहीची पानं जात. आई पेन्सिलीनं एकेक चौकोन काळा करी, सोंडेचं वळण मनासारखं येईना तर दोन खोडून तीन भरी, आणि मग सांगे, “बावन्न चौकटी. म्हणजे एकशे सत्तावन्न टाके.” कसं काढलंस, असं विचारलं तर म्हणे, “चौकटींच्या तिप्पट, आणि शेवटची चौकट बंद करायला एक.” पुढे शाळेत बीजगणित आलं. फळ्यावर ३क्ष + १ अशी राशी आली तेव्हा ती मला घरातली वाटली. तिच्यातला क्ष किती किमती घेतो, ते मी दारावर लटकताना पाहिलं होतं.

माझ्या लग्नाच्या रुखवतात आईनं विणलेलं टेबलावरचं आच्छादन होतं. मधून बाहेर उमलत जाणारी अननसाची नक्षी, कडेला शिंपल्यांची किनार. बायका वाकून वाकून पाहत होत्या, किनारीवरून बोट फिरवत होत्या. “काय हात आहे हो तुमचा!” असं जी ती म्हणे. हाताचं कौतुक मनापासून होतं आणि रास्तही होतं. पण ते अननस सारख्या अंतरावर बसवायला मधल्या वर्तुळात किती खांब घ्यावे लागतात, प्रत्येक फेरीला किती वाढवावे लागतात, याचा विचार ज्या डोक्यानं केला, त्याच्याबद्दल कुणी बोललं नाही. ती बोलायची गोष्ट आहे, असंच कुणाला वाटत नसे.

हे आमच्या दिवाणखान्यापुरतंच होतं असं नाही. आंध्र प्रदेशात पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी गोदावरीच्या त्या मुलखात लेसचं काम आणलं, आणि क्रोशाची लेस विणणं हा तिथल्या बायकांचा पिढीजात उद्योग झाला. ही लेस परदेशी जाते. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाई साठच्या दशकात पुण्यात जर्मन भाषा शिकवत होत्या. पुढे त्यांनी नरसापूरच्या बायकांचा अभ्यास केला आणि १९८२ साली ‘द लेसमेकर्स ऑफ नरसापूर’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं. दिवसाचे कितीतरी तास विणून, निर्यातीचा माल तयार करूनही या बायका कामगार धरल्या जात नाहीत. घरात बसून फावल्या वेळात काहीतरी करणाऱ्या गृहिणी म्हणूनच त्यांच्याकडे पाहिलं जातं, हे त्यांनी दाखवून दिलं. जिचा दिवस मोजण्यात जातो, तिचं कामच मोजणीतून सुटतं. ते वाचताना मला आईचे हलणारे ओठ दिसत राहिले.

मी गणिताची शिक्षिका झाले. नाशिकच्या एका शाळेत वर्षानुवर्षं भूमिती शिकवत आले. सुई मात्र आईच्याच हातात राहिली. मग तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले, शस्त्रक्रिया झाल्या, तरी बारीक दोऱ्यातलं काम दिसेनासं झालं ते झालंच. तिनं पोलादी सुया पेटीत ठेवल्या आणि जाड लोकर, ॲल्युमिनियमची सुई मागवून घेतली. लोकरीचा टाका बोटांना कळतो, तो पाहावा लागत नाही. एका थंडीत भाचीला निफाडला मुलगी झाली. नाशिक जिल्ह्यात पारा उतरला की सगळ्यांची नजर आधी निफाडकडे जाते, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येतो. आई म्हणाली, “झबली-टोपडी सगळे आणतील. आपण लोकरीची टोपी करू. तू विण, मी सांगते.”

अशी मी सुई हातात घेतली.

सुरुवात एका कडीपासून होते. बोटाला दोऱ्याचा सैल वेढा घ्यायचा, त्यात सहा मुके खांब घालायचे आणि दोऱ्याचं टोक ओढायचं. कडी आवळते, मधलं भोक मिटतं, सहा टाके गोलात उभे राहतात. मुका खांब घालणं म्हणजे टाक्यात सुई घालून दोरा ओढून आणायचा, सुईवर दोन फासे होतात, पुन्हा दोरा घेऊन दोन्हीतून बाहेर काढायचा. प्रत्येक टाक्याच्या माथ्यावर दोन धागे शेजारी शेजारी आडवे पडतात. सुई त्या दोन्हींच्या खालून गेली पाहिजे. नवशिक्याची सुई एकाच धाग्याखालून जाते किंवा फेरीचा पहिला टाका कुठला तेच हरवतं. त्यासाठी आईनं वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा पहिल्या टाक्यात खोवून दिला. फेरी पूर्ण झाली की तो काढून नव्या फेरीच्या पहिल्या टाक्यात घालायचा.

मी विणायची आणि आई तपासायची. चकती हातात घेऊन ती कडेवरून अंगठा फिरवी. प्रत्येक टाक्यावर अंगठा क्षणभर थांबे, मग पुढे सरके. “इथं एकच घातलास. दोन हवेत.” चष्मा बाजूला असे. तिला चुकलेला टाका दिसत नसे, त्याच्या जागी राहिलेली फट अंगठ्याला लागे.

नियम तिनं पाठ करून घेतला. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन. तिसऱ्या फेरीत एका टाक्यात एक, पुढच्यात दोन. चौथ्या फेरीत दोन टाके साधे, तिसऱ्यात दोन. सहा, बारा, अठरा, चोवीस, तीस. प्रत्येक फेरीला बरोबर सहा टाके वाढतात, आणि चकती भाकरीसारखी सपाट राहते. दोन बोटांची सहा पेरं संपली की आईची एक फेरी झाली. सहाचा पाढा मी भाचीच्या लेकीसाठी म्हणत होते.

पण सहाच का? आईला विचारलं तर तिचं उत्तर साधं होतं. पाच घातले तर कड वर उचलते, आठ घातले तर चुण्या पडतात, सहा घातले की नीट बसतं. रात्री मी वहीवर मांडून पाहिलं. मुक्या खांबाची उंची आणि रुंदी जवळपास सारखी असते. एक फेरी विणली की वर्तुळाची त्रिज्या एका टाक्यानं वाढते. त्रिज्या एकानं वाढली की परीघ २ × २२/७, म्हणजे सव्वासहा आणि वर थोडासा, इतका वाढायला हवा. टाका अर्धा-पाव घालता येत नाही, म्हणून सहा; उरलेला पाव टाका लोकर ताणून भरून काढते. साधा खांब मुक्या खांबाच्या दुप्पट उंच, म्हणून खांबाची टोपी बारापासून सुरू होते आणि फेरीला बारा वाढवते. जे गुणोत्तर मी सातवीच्या मुलांना बांगडी आणि दोरा घेऊन शिकवते, ते माझी आई पेरांवर मोजत होती.

चकती किती मोठी करायची, हेही त्याच गुणोत्तरानं ठरतं. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर ३५ सेंटिमीटरच्या आसपास असतो. टोपी डोक्याला धरून बसावी म्हणून घेर थोडा कमी धरायचा, ३३ सेंटिमीटर. त्याला २२/७ नं भागलं की साडेदहा येतात. चकतीचा व्यास साडेदहा सेंटिमीटर झाला की वाढवणं बंद. आमच्या लोकरीला आणि सुईला तो दहाव्या फेरीला आला, तेव्हा टाके साठ होते. तिथून पुढे प्रत्येक टाक्यात एकच टाका, साठाला साठ. दोन-तीन फेऱ्यांत कड वळायला लागते आणि चकतीची टोपी होते. आईनं पट्टी मागून घेतली, बोटानं खुणेच्या रेघा चाचपल्या आणि व्यास बरोबर सांगितला.

बाळासाठी टोपी विणताना आणखी काही पथ्यं असतात. लोकर मऊ हवी, टोचणारी नको. टाके घट्ट हवेत, चिमुकलं बोट अडकेल असं भोक कुठं राहू नये. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीचा चौथा हिस्सा असतं आणि अंगाच्या एकूण पृष्ठभागात त्याचा वाटा जवळपास पाचवा, म्हणून उघड्या डोक्यातून त्याची ऊब झपाट्यानं जाते. कमी दिवसांच्या बाळांना आईच्या छातीशी उघड्या अंगानं धरून ठेवण्याची कांगारू पद्धत १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. त्यात बाळाच्या अंगावर लंगोट आणि मोजे असतात आणि डोक्यावर टोपी असते. आपल्याकडच्या सुईणींना आणि आज्यांना हे पूर्वीपासून ठाऊक होतं. कुंची आणि टोपडं हे बाळाचं पहिलं वस्त्र होतं.

टोपी विणल्यावर मी प्रत्येक फेरीत दर ठरावीक टाक्यांनंतर एका टाक्यात दोन घालत एक चकती मुद्दाम विणून पाहिली. तिच्या कडेला लाटा उठल्या, आणि फेरीगणिक त्या दाट होत गेल्या. गणितात या आकाराला मोठा मान आहे. युक्लिडची समांतर रेषांची कल्पना जिथं लागू पडत नाही अशा एका भूमितीचा, हायपरबोलिक भूमितीचा, हा पृष्ठभाग. त्याच्या कागदी प्रतिकृती चिकटवून केल्या जात आणि हाताळताना फाटत. मूळच्या लॅटव्हियाच्या डायना टायमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात असताना तो क्रोशानं विणला, आणि विद्यार्थी त्याला घडी घालून, त्यावर रेषा शिवून ती भूमिती शिकू लागले. २००९ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाला पुढे ऑयलर पुस्तक पुरस्कार मिळाला. आईला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “अगं, झालरीला असंच वाढवतात. एकाला दोन, नाहीतर एकाला तीन.” उशांच्या अभ्र्यांना अशी झालर तिनं आयुष्यभर लावली होती.

क्रोशाचा एक गुण मला शिकवण्याच्या दृष्टीनं फार मोलाचा वाटतो. विणताना सुईवर एकच फासा उघडा असतो. दोन सुयांच्या विणकामात सगळी ओळ सुईवर असते, एक टाका निसटला की तो खाली खाली उसवत जातो. क्रोशात सुई काढून दोरा ओढला की काम जिथंवर हवं तिथंवर उसवतं आणि तिथून पुन्हा धरता येतं. दोरा वाया जात नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या हातीही ही सुई निर्धास्त द्यावी.

मी ती देते. सातवीला वर्तुळ शिकवायला लागले की वर्गात लोकर नेते. मुलं-मुली दोघंही विणतात. पाच वाढवणारा एक गट, सहा वाढवणारा एक, आठ वाढवणारा एक. पहिल्याची चकती खोलगट होते, दुसऱ्याची सपाट राहते, तिसऱ्याच्या कडेला लाटा येतात. मग तिन्ही बाकावर ठेवून विचारते, असं का झालं? सूत्र फळ्यावर त्यानंतर येतं. ज्यांना परीघ आणि त्रिज्या यांतलं नातं पुस्तकात कळलं नव्हतं, त्यांना ते बोटांत कळतं. आणि दुसऱ्या दिवशी एखादी मुलगी सांगते की तिच्या आजीलाही क्रोशा येतो, तेव्हा मी तिला आजीचा हिशेब वहीत लिहून आणायला लावते. असे कितीतरी हिशेब घराघरांत आहेत. कुणी लिहून घेतले नाहीत म्हणून ते फक्त हातकाम ठरले.

आईचं शिक्षण किती, असं कुणी विचारलं की आमच्याकडे ‘जुनी सातवी, फायनल’ असं सांगायची पद्धत आहे. मी हल्ली तेवढ्यावर थांबत नाही. सातवी, आणि पुढची सगळी भूमिती, असं सांगते.